बाबांचे बावन्न टक्के

प्रश्न (पत्र मोठं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलून त्याचा गोषवारा देत आहोत.)

मी ३४ वर्षांची. माहेर विक्रोळीला कन्नमवार नगरात, सासर कांजूरमार्गला. बाबा ६६ वर्षांचे, बेस्टमधून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. खोकला जाईना म्हणून जवळच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी टीबी समजून औषधं सुरू केली. त्यात काही महिने गेले. मग सीटी, बायोप्सी आणि चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन. उजव्या फुप्फुसाचा वरचा लोब काढला. रिपोर्ट असा: अ‍ॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार, गाठ ३.४ सेंटिमीटर, तपासलेल्या १४ लिम्फ नोडपैकी (लसिकाग्रंथींपैकी) एकात कॅन्सर, कापलेली कडा स्वच्छ, स्टेज (आजार किती पसरलाय त्याची पायरी) टू-बी. चारपैकी तीन केमो झाल्या. ‘ईजीएफआर’ असं लिहिलेला एक वेगळा कागदही फाइलमध्ये आहे, तो आम्हाला कोणी समजावून सांगितलेला नाही.

धाकटा भाऊ पुण्याला आयटीत आहे. त्याने रिपोर्टमधली माहिती इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये भरली. पाच वर्षं जगण्याची शक्यता ५२ टक्के आली. दुसऱ्या कॅल्क्युलेटरने ६१ सांगितले. तिसऱ्याने ४७. (तिसऱ्यात ‘प्लुरा’बद्दल विचारलं होतं. रिपोर्टमध्ये तो शब्द आहे, पुढे ‘पीएल झिरो’ लिहिलंय, म्हणून भावाने ‘होय’ भरलं.) बाबांना सोडून आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, तिथे रोज याचीच चर्चा. आई ४७ वाचून रात्र रात्र जागते. बाबांना ‘गाठ होती, काढली’ एवढंच सांगितलंय.

आता सोसायटी रिडेव्हलपमेंटला जातेय. बिल्डर चार वर्षांत ताबा देतो म्हणतो, तोवर भाड्याने राहायचं. बाबांचा हट्ट वेगळाच आहे. साठवलेल्या पैशांतून संगमेश्वरजवळ गावी घर बांधायचं. भाऊ म्हणतो, अर्धी शक्यता असताना एवढा पैसा चिऱ्यात कशाला घालायचा? बाबा गच्चीवर जाऊन आले की सिगारेटचा वास येतो, पण आई म्हणते, आता कशाला टोकायचं. खरा आकडा कोणता? तो बाबांना सांगायचा का? घराचं कसं थांबवायचं? आणि टीबीच्या औषधांत ते महिने गेले नसते, तर आकडा वाढला असता का?

उत्तर

आधी ते ‘पीएल झिरो’ मिटवू. फुप्फुसाला प्लुरा नावाचं पातळ आवरण असतं. गाठ त्या आवरणात शिरली आहे का, हे पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहितात. झिरो म्हणजे शिरलेली नाही. भावाला शब्द दिसला आणि त्याने ‘होय’वर बोट ठेवलं. तेव्हा ४७ हा तुमच्या बाबांचा आकडाच नव्हे. ज्यांच्या गाठीने आवरण गाठलंय अशा कुणा दुसऱ्या माणसाचा तो आहे, आणि तुमची आई त्याच्यापायी रात्री जागते आहे. मी डॉक्टर नाही. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक म्हणून नोकरी केलेली आहे, एवढाच माझा अधिकार. त्यामुळे पुढच्या ओपीडीत सर्जनकडून हे पडताळून घ्या. पण आईला आजच फोन करून सांगा, ४७ पुसून टाक म्हणून.

उरले ५२ आणि ६१. भावाने काही भलतंसलतं काढलेलं नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या स्टेज ठरवण्यासाठी जगभर जी पद्धत वापरतात, तिची आठवी आवृत्ती १६ देशांतल्या ९४,७०८ रुग्णांच्या माहितीवर बेतलेली होती. तिच्यात टू-बी स्टेजचा पाच वर्षांचा आकडा दोन प्रकारे दिलाय. ऑपरेशनआधी स्कॅनवरून ठरवलेल्या स्टेजला ५३ टक्के, ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीवरून ठरवलेल्या स्टेजला ५६. त्यावर कोणी वय धरतं, कोणी लिंग, कोणी किती लिम्फ नोड तपासले ते धरतं, आणि आकडा चार-पाचाने इकडेतिकडे सरकतो. निम्म्याच्या जरा वर, हे ढोबळ उत्तर बरोबर आहे. गडबड होते ती त्या उत्तराला भलताच प्रश्न जोडल्यामुळे.

५२ टक्के हे कशाचं उत्तर आहे? अशी स्टेज, असं ऑपरेशन झालेले शंभर जण घेतले, तर पाच वर्षांनी त्यातले साधारण किती हयात होते, याचं. ‘होते’ म्हणते मी, कारण पाच वर्षांचा हिशेब मांडायचा तर ऑपरेशन होऊन किमान पाच वर्षं उलटलेली माणसंच लागतात. त्या ९४,७०८ जणांचं निदान १९९९ ते २०१० या काळातलं आहे. बहुतेक आशियातले, त्यातही जपानचे सर्वांत जास्त. तुमचे बाबा त्यांच्यानंतर कितीतरी वर्षांनी ऑपरेशनच्या टेबलावर गेले. या पद्धतीची नववी आवृत्तीही जानेवारी २०२५पासून लागू झाली आहे. तेव्हा भावाला म्हणावं, कॅल्क्युलेटर कोणत्या सालच्या माहितीवर बांधलाय ते आधी बघ. बहुतेक ठिकाणी खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि कोणीच वाचत नाही.

दुसरं, पाच वर्षं ही मुदत नाही. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘म्हणजे बाबांकडे जास्तीत जास्त पाच वर्षं.’ हे कुठून आलं? कोणत्याही कॅल्क्युलेटरने असं म्हटलेलं नाही. पाच हा डॉक्टरांनी तुलनेसाठी धरलेला टप्पा आहे. त्या टप्प्यावर हयात असलेल्यांपैकी पुष्कळ जण पुढे दहा, पंधरा वर्षं जगतात, त्यांची नोंद त्या आकड्यात दिसत नाही एवढंच. भावाचा ताब्याचा हिशेबही इथेच चुकतो. चार वर्षांनी ताबा, म्हणून बाबा नवं घर बघण्याची शक्यता अर्धी, असं तो म्हणतो. चार वर्षांचा आकडा पाच वर्षांच्या आकड्यापेक्षा वर असणार हे तर त्याच्याच कॅल्क्युलेटरच्या आलेखात दिसेल.

शिवाय हा आकडा शिळा होत जातो. फुप्फुसाचा कॅन्सर ऑपरेशननंतर उलटायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. तो काळ स्वच्छ सीटीवर पार पडला, की पुढच्या पाच वर्षांचं गणित नव्याने मांडावं लागतं आणि ते आधीपेक्षा चांगलं येतं. भावाने जो आकडा काढला तो ऑपरेशनच्या दिवसाचा आहे. आज बाबा त्याच्या चार महिने पुढे आहेत. ऑपरेशनमधल्या जोखमीचा जो वेगळा आकडा सही घेताना सांगितला होता, तो तर त्यांनी कधीच मागे टाकलाय. दोन्ही एकात मिसळू नका.

आता भाकिताच्या ताकदीबद्दल. भाऊ आयटीतला आहे, त्याला हे पटेल. अशा कॅल्क्युलेटरची पारख करायला एक मोजमाप वापरतात. दोन रुग्ण घ्यायचे आणि विचारायचं, यातला जास्त कोण जगेल? डोळे मिटून नाणं उडवलं तर दहापैकी पाच वेळा उत्तर बरोबर येतं. फुप्फुसाच्या ऑपरेशननंतरच्या आयुष्याचं भाकीत करणारी बरीच चांगली मानलेली साधनं साधारण सात वेळा बरोबर ठरतात. नाण्यापेक्षा नक्की बरी. डॉक्टरांना त्यांचा उपयोगही आहे: कोणाला केमो द्यावी, कोणावर जास्त लक्ष ठेवावं हे ठरवताना. पण दहापैकी तीनदा उलटं सांगणाऱ्या साधनाच्या जोरावर एका माणसाचं घर बांधायचं की नाही हे ठरवणं मला तरी जमणार नाही.

आणि त्या साधनाला बाबांबद्दल किती माहीत आहे? गाठीचा आकार, नोड, वय. ते किती जिने चढू शकतात ते विचारलं का? त्यांना मधुमेह आहे का? कुठली औषधं मिळणार? हा आकडा सगळ्या कारणांनी झालेले मृत्यू मोजतो हेही लक्षात घ्या. हृदयविकाराने गेलेला माणूसही त्या शंभरांतून वजा होतो. म्हणजे बाबांच्या बीपीच्या गोळ्या वेळेवर जाणं हाही ‘कॅन्सरनंतर जगण्याचा’ भाग आहे. ग्रुपवर त्या गोळ्यांवर एकदा तरी चर्चा झाली का, मला शंका आहे.

आता फाइलमधला तो न वाचलेला कागद. माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे. ईजीएफआर हा पेशींमधला एक जनुक. भारतात अ‍ॅडिनोकार्सिनोमा झालेल्या साधारण चौघांतल्या एकाच्या गाठीत त्याच्यात बदल सापडतो. तो बदल असेल, तर ऑपरेशननंतर ऑसिमर्टिनिब नावाची गोळी तीन वर्षं रोज घेण्याचा पर्याय असतो. वन-बी ते थ्री-ए स्टेजच्या, हा बदल असलेल्या आणि गाठ पूर्ण काढलेल्या रुग्णांवर तिची मोठी चाचणी झाली. २०२३मध्ये तिचे जगण्याचे आकडे आले: पाच वर्षांनी गोळी घेतलेल्यांतले ८८ टक्के हयात, नुसती दिसायला तशीच गोळी घेतलेल्यांतले ७८ टक्के. तुमच्या भावाच्या कॅल्क्युलेटरमध्ये या गोळीचा रकानाच नसणार. एएलके नावाच्या दुसऱ्या बदलावरही गोळी आहे, आणि पीडी-एल१ या पेशींवरच्या प्रथिनाची तपासणी पाहून काहींना इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार, देतात.

बाबांच्या कागदावर काय निघेल ते मला माहीत नाही. बदल सापडला नसेल तर या गोळीचा विषय तिथेच संपला, आणि तेही कळलेलं बरं. पण तीन केमो होऊन गेल्या आणि घरात कोणी ‘यात काय लिहिलंय?’ असं विचारलं नाही, याचं कारण मला दिसतं. सगळी शक्ती आकड्यात गेली. गोळी महाग आहे. तिची वेळ आलीच तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जाऊन कंपनीची मदत योजना, ट्रस्ट, सरकारी योजना यांची चौकशी डॉक्टरांच्या चिठ्ठीसह करा, परस्पर मेडिकलमधून घेऊ नका. आणि डॉक्टरांच्या सल्ल्याबद्दल मनात किंतु असेल, तर टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचं मत ‘नव्या’ या सेवेतून रिपोर्ट ऑनलाइन पाठवून घेता येतं. परळला पहाटे जाऊन रांग लावायची गरज नाही.

याच अंगाने एक इशारा. काही प्रयोगशाळा ऑपरेशननंतर रक्तात उरलेले कॅन्सरच्या डीएनएचे अंश शोधून देतात. कोणीतरी नातेवाईक तुम्हाला ती जाहिरात पाठवेलच. संशोधन खरं आहे: असे अंश सापडले तर आजार उलटण्याचा धोका जास्त दिसतो. पण सापडले म्हणून आज उपचार काय बदलायचे, हे अजून पक्कं ठरलेलं नाही. आपल्या डॉक्टरांना त्या उत्तराचं काय करायचं ते माहीत असेल तरच पैसे घाला. नाहीतर ग्रुपवर चघळायला आणखी एक आकडा.

टीबीचं विचारलंत. मुंबईत खोकला आणि छातीच्या एक्स-रेवर डाग म्हटलं की पहिला संशय टीबीचा घेतात, कारण टीबी इथे घरोघरी आहे. त्या डॉक्टरांनी थुंकीची तपासणी न करता औषधं दिली असतील तर ती चूकच. पण ते महिने वाचले असते तर आकडा किती वाढला असता, हे कुठल्याही साधनाने उलटं मोजता येत नाही. एक मात्र सांगते. आपल्याकडे बहुतेकांचा फुप्फुसाचा कॅन्सर सापडतो तोच ऑपरेशनच्या पलीकडे गेल्यावर. तुमच्या बाबांचं ऑपरेशन होऊ शकलं. हा विषय इथेच सोडा.

आता बाबा. तुमचा प्रश्न असा आहे की आकडा सांगायचा का. मला आधी विचारायचंय, त्यांना काही माहीत नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत? हा माणूस मुंबईच्या रस्त्यांवर बस चालवून निवृत्त झालाय. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर त्यांनी स्वतः सही केली. केमोच्या वॉर्डात सलाइन लावून तासन्‌तास बसले, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी गप्पा मारल्या. त्या गप्पांत काय चालतं ते मी ऐकलेलं आहे: तुमची कितवी, कुठली स्टेज, केस कधी गेले, आमच्या भाऊबंदातला एक असाच होता. बाहेर ‘केमोथेरपी डे केअर’ अशी पाटी असते. ‘गाठ होती, काढली’ यावर ते विश्वास ठेवून बसलेत असं मला वाटत नाही. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून ते गप्प आहेत आणि त्यांना त्रास होऊ नये म्हणून तुम्ही, असं झालं असण्याचीच शक्यता जास्त.

आणि घर? तुम्ही सगळ्यांनी गृहीत धरलंय की बाबांना कल्पना नाही, म्हणून ते घर बांधायचं म्हणतात. कल्पना आहे म्हणूनच म्हणत असतील तर? निवृत्त होऊन वर्षं झाली, तेव्हा नाही आठवलं गावचं घर. फुप्फुसाचा तुकडा काढल्यावर आठवलं. तुमच्या आईला सुरक्षित छप्पर असावं, तुम्हा भावंडांना गणपतीत जायला जागा असावी, असा काही हिशेब त्यांनी मनात मांडला असेल. नसेलही. पण विचारल्याशिवाय ते कळणार कसं? तुमच्या लांबलचक पत्रात बाबांचं एकच वाक्य आहे, ‘घर बांधू.’ बाकी सगळी वाक्यं इतरांची.

म्हणून माझं स्पष्ट मत असं: आकडा सांगायचा की लपवायचा हे ठरवण्याचा अधिकार ग्रुपला नाही. किती जाणून घ्यायचं हे बाबांनी ठरवावं, आणि ते त्यांना विचारावं. विचारायला धाडस लागतं हे कबूल, पण शब्द साधे आहेत. दोघंच असाल अशी वेळ बघा. सगळं कुटुंब गोल करून बसू नका, नाहीतर त्यांना पंचायत बसल्यासारखं वाटेल. म्हणा, ‘बाबा, ऑपरेशनच्या रिपोर्टबद्दल डॉक्टरांशी सविस्तर बोलायचं राहिलंय. तुम्हाला सगळं ऐकायचंय, की मोजकं, की मीच ऐकून लक्ष ठेवू?’ आणि मग थांबा. ते लगेच काही बोलणार नाहीत. विषय बदलतील, चहा मागतील. द्या चहा. त्या दिवशी नाही तर पुढच्या आठवड्यात बोलतील.

‘मला सगळं सांगा’ म्हणाले, तर सांगण्याची जागा डॉक्टरांची खोली. ओपीडीत गर्दी असते, म्हणून आधीच निरोप ठेवा की आज पाच मिनिटं जास्त लागतील. टक्के ऐकायचेच असतील तर माणसांत ऐका: तुमच्यासारख्या शंभर जणांत निम्म्याहून जास्त पाच वर्षांनंतरही आहेत, आणि नवी औषधं लागू पडत असतील तर त्याहून जास्त. त्याच्या जोडीला दुसरी बाजूही तितकीच सरळ सांगा, की उलटला तर पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो, म्हणून सीटी चुकवायचा नाही. खोटा धीर देऊ नका. ड्रायव्हर माणूस आहे, समोरच्याचा चेहरा वाचतो.

‘मला काही ऐकायचं नाही, तूच बघ’ म्हणाले, तर तोही निर्णयच आहे. मग त्यांच्या वतीने डॉक्टरांशी बोलणारं माणूस कोण, हे त्यांच्याच तोंडून ठरवून घ्या. धाकट्या भावाने परस्पर ते पद घेऊ नये. आणि तिसरीही शक्यता धरून ठेवा. ते हसून म्हणतील, ‘टू-बी ना? सिस्टरने कधीच सांगितलंय.’

दोन्ही घरांबद्दल. माझ्या मते ५२ असो की ६१ की ८८, तुमचे निर्णय फारसे बदलत नाहीत. करून बघा. आकडा ९५ असता तर रिडेव्हलपमेंटला नाही म्हणाला असतात का? २० असता तर कागदपत्रं नीट केली नसती का? आकड्याची वाट न बघता करायच्या गोष्टी आहेत. भाड्याचं घर तळमजल्यावर किंवा चालू लिफ्टच्या इमारतीत घ्या, चौथ्या मजल्यावर जिने चढायला लावू नका. ते रुग्णालयापासून फार लांब नको. बिल्डरबरोबरच्या करारात आईचं नाव जोडता येतं का, ते सोसायटीच्या वकिलाला विचारा. सोसायटीत नॉमिनी कोण आहे ते तपासा, आणि एवढ्यावर थांबू नका: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा. मृत्युपत्र लागतं. त्याला दोन साक्षीदार हवेत, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. ६६व्या वर्षी, कॅन्सर असो वा नसो, ही कामं राहिलेलीच असतात. बाबांना एकट्याला समोर बसवून ‘तुमचं मृत्युपत्र’ म्हणू नका. आईबाबा दोघांचंही करा, एकाच दिवशी.

गावच्या घराला माझा विरोध नाही. सगळी पुंजी त्यात घालायला आहे. केमो संपल्यावर कदाचित तीन वर्षांची गोळी, वर्षावर्षाचे सीटी, आईचा खर्च, हे आधी बाजूला काढा. ईजीएफआरचा कागद वाचून झाल्याशिवाय हा हिशेब बसणार नाही, म्हणून ते काम पहिलं. उरेल त्यात घर लहान करा. दोन खोल्या आणि पडवी आधी, बाकी पुढे. भावाला म्हणावं, चिऱ्यात पैसे घालायचे की नाही हे विचारण्यापेक्षा किती चिरा लागेल ते बाबांबरोबर बसून मोज. बापलेकाला बोलायला विषय मिळेल, आणि असल्या विषयावर बाप बरंच काही बोलून जातो.

राहिली गच्ची. ५२ की ६१ यावर तुम्ही ज्या तावातावाने भांडता आहात, त्याच्या अर्ध्या जोराने कोणी या वासाबद्दल बोललेलं नाही. लवकर सापडलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरनंतर सिगारेट ओढत राहणारे आणि सोडणारे, यांच्यावरचे अभ्यास २०१०मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एकत्र मांडले गेले. त्यावरून ६५ वर्षांच्या रुग्णांसाठी काढलेला पाच वर्षांचा अंदाज असा: ओढत राहिले तर ३३ टक्के, सोडली तर ७०. निरीक्षणांवरून बांधलेला अंदाज आहे, बाबांच्या स्टेजला तो जसाच्या तसा लावू नका. पण फरक बघा केवढा. तुमच्या हातात असलेल्या गोष्टींत एवढा फरक पाडणारं दुसरं काही मला दिसत नाही. ‘आता कशाला टोकायचं’ या आईच्या वाक्यात माया आहे, पण ती मनाने बाबांना आधीच निरोप देऊन बसलीय. तिला हे दोन आकडे दाखवा. बाबांवर ओरडू नका. इतक्या वर्षांची सवय दटावून सुटत नाही, निकोटीनच्या गोळ्या आणि समुपदेशन यांची जोड लागते. ओपीडीत उघड सांगा की अजून सुटलेली नाही, डॉक्टर रागावले तरी चालेल. तंबाखू सोडवण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११२-३५६, तिच्यावर बाबांनी स्वतः बोललेलं उत्तम. आणि गच्चीवर त्यांच्याबरोबर जात जा. एकटेपणातली सिगारेट निम्मी तिथेच कमी होते.

पुढच्या ओपीडीला एका कागदावर एवढंच लिहून न्या: कडा आणि पीएल झिरो बरोबर समजलोय का, ईजीएफआर, एएलके, पीडी-एल१ यांत काय निघालं आणि त्यावर पुढे काय, चौथ्या केमोनंतर पहिला सीटी कधी, कुठली लक्षणं दिसली तर तारखेची वाट न बघता यायचं, फ्लूची आणि न्यूमोनियाची लस कधी घ्यायची. ज्या वाचकांच्या घरी असंच ऑपरेशन झालंय त्यांनीही हाच कागद वापरावा. टक्के विचारायचे असतील तर शेवटी विचारा. आधीच्या प्रश्नांची उत्तरं मिळाली की पुष्कळांना ते विचारावेसे वाटत नाहीत. आणि ऑपरेशननंतर दिलेलं तीन छोट्या चेंडूंचं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र कपाटात गेलं असेल तर बाहेर काढा. ते परत वापरायचं का आणि किती, हे फिजिओथेरपिस्टला विचारा.

‘बाबांशिवाय’ हा ग्रुप बंद करा असं मी म्हणणार नाही. तुम्हालाही रडायला जागा हवी. फक्त नाव बदला, आणि बाबांच्या तब्येतीचा, तारखांचा, रिपोर्टचा दुसरा ग्रुप करा ज्यात बाबा आहेत.

सीटी साधारणपणे पहिली दोन-तीन वर्षं दर सहा महिन्यांनी असतो, मग वर्षातून एकदा. गावचं काम पाऊस संपल्याशिवाय सुरू होत नाही. म्हणजे दिवाळीनंतर जोतं घ्यायचं असेल, तर आताच पहिल्या सीटीची तारीख त्याच्या आधीची घ्या. रिपोर्ट हातात घेऊन बाबांना कोकण रेल्वेत बसवा, पायवाट चढायची असेल तर सावकाश, आणि गवंडी ठरवताना भाव बाबांनाच करू द्या.